देवाखालचे एकतीस सेंटीमीटर

९ ऑक्टोबर

साहेबांनी आज पट्टी वाचणाऱ्या केरूला आंधळा ठरवला! कालच्या उधाणाला खाडीतल्या पाणी मोजायच्या पट्टीवर पाणी कुठवर चढलं ते त्याने वाचलं. त्यावरून माझ्या हिशेबात बांधाचा माथा पाण्याच्या चाळीस सेंटीमीटर वर. केरू म्हणतो, "नाय हो म्याडम, आडवी पाच बोटं उरली व्हती फक्त." म्हणजे नऊ सेंटीमीटर.

दिनानाथ साहेब हसले. "भूमिका, कागद बघ. बोटं मोजू नकोस." पुढच्या शुक्रवारच्या बैठकीत हा बांध 'सुरक्षित' ठरून उंची वाढवायच्या यादीतून जाणार. बांधामागे केरूची वाडी आणि पिकलेला भात. खारं पाणी शिरलं तर पुढची दोन-तीन वर्षं तिथे काही पिकायचं नाही.

१० ऑक्टोबर

पट्टीचं शून्य वेगळं, बांधाचं वेगळं. दोन्ही सरासरी समुद्रपातळीवर आणायची, हेच तर माझं काम. गणित चार वेळा केलं — बरोबर! म्हणजे गोची गणिताच्या आधीच. बांधाची उंची रामवाडीच्या सरकारी उंचीच्या खुणेवरून घेतलीय. पट्टीची मात्र बांधाच्या दरवाजाजवळच्या जुन्या खुणेच्या दगडावरून.

१२ ऑक्टोबर

दगड सापडेना. केरूची बायको शांतीवहिनी म्हणाल्या, "त्यो व्हय? त्यो आमचा देव हाय." शेंदूर, झेंडू, खाली सिमेंटचा ओटा! "रस्ता वर आला, मग देवाला खाली कसा ठेवायचा गो? उचलून ओट्यावर बसवला. दोन वर्सं झाली. त्या दिशी तुमच्या हापिसातली येक पोरगी आलेली, दोनदा शिरा मागून खाल्लान."

हसून हसून पोट दुखलं. देव वर गेला, कागदावर त्याची उंची तीच. मग त्याच्यावरून मोजलेलं पाणी खालीच दिसणार! कोण शहाणा देव वर बसल्यावर या दगडावर मोजणीची काठी टेकवून पट्टीचं शून्य ठरवून गेला? डोळे कुठे ठेवले होते?

१४ ऑक्टोबर

ऑफिसच्या मदतनिसाबरोबर रामवाडीपासून दगडापर्यंत पातळी घेत गेलो, तशीच परत आणली. दोन दिवस, सात किलोमीटर जाऊन-येऊन, आणि चूक फक्त सहा मिलिमीटर! पायांचे तुकडे पडलेत.

दगड एकतीस सेंटीमीटर वर. चाळीस वजा एकतीस — नऊ! पाच बोटं! धावत जाऊन केरूला सांगितलं. तो म्हणाला, "मग मी काय सांगत व्हतो?"

१५ ऑक्टोबर

साहेबांनी कागद तीनदा उलटसुलट केला. मग स्वतः केरूला फोन लावला. मी मुद्दाम तिथेच उभी राहिले.

१७ ऑक्टोबर

बांध यादीत — पहिल्या नंबरावर! बैठकीतून थेट वाडीवर गेले. केरू नुसता बांधाकडे बघत होता. मला रडूच आलं. शांतीवहिनींनी देवाला शिरा केला. मी दोनदा मागून घेतला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

१८ ऑक्टोबर

दोन वर्षांपूर्वीचं मोजणीपुस्तक सापडलं. माझ्या नोकरीचा तिसरा दिवस. त्या आठवड्यात सात बांध पालथे घातले होते, एकही धड आठवत नाही. दगडाच्या ओळीपुढे 'काठी धरणारी: भूमिका'. शेऱ्याच्या रकान्यात माझंच गिचमिड अक्षर: 'जागेवर पूजा. शिरा छान.'

पानाची झेरॉक्स काढून अहवालाला जोडली.