शेवटच्या दहा मिनिटांची फुलं

याकिमा, ९ ऑक्टोबर

नोरीन,

धान्य भिजवायचा डबा, बिअर निववायचं तांब्याच्या नळीचं वेटोळं, बाटल्या सुकवायची मांडणी आणि ही पेल एल बिअरची कृती, सगळं मी माझ्या हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही.

बिअरला कडूपणा आणि वास देणारी हॉप्सची फुलं मी तासभर उकळायचो. बाराही खेपांना तू एक घोट घेऊन म्हणालीस, "ग्लेन, ही बिअर आहे की काढा? वास तेवढा ठेव, कडूपणा शेजाऱ्यांना वाट." मी म्हणायचो, तुला चव कळत नाही.

तू घर सोडून गेल्यावर तेराव्या खेपेला चिमूटभर फुलं आधी टाकली आणि उरलेली तीन औंस उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत. ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास आला, पण जीभ कडवटली नाही. तुझंच बरोबर होतं. हे ऐकायला स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

तुझा नवा पत्ता तुझ्या बहिणीकडे आहे. तो मागायचा मला धीर होत नाही.

एक बाटली आमच्या घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबातल्या रँडीने गावातल्या बिअर बनवून विकणाऱ्याला चाखवली. तो कृती विकत मागायला घरी आला. तू चाखायच्या आधी ही बिअर गावभर विकली जावी, हे मला नको होतं. कृतीचे तो नऊ हजार डॉलर देत होता. मी नाही म्हणालो.

ग्लेन