जाड फाटा, बारीक फाटा

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकलं की कंबर धरते, म्हणून कागदावरच वाकते.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहितात म्हणून लिहिलं.

तुला ठाऊकच आहे, मी कारखान्यात भिंगाखाली सोल्डर करते. काम मायक्रोवेव्हचं. (सासूबाई अजून म्हणतात, मग येताना भाजी गरम करून आण.) आमचे साहेब पॉवर डिव्हायडर बनवतात. म्हणजे बोटाएवढी पाटी, तिच्यावर तांब्याची पट्टी. सिग्नल एका तोंडातून आत येतो, पुढे पट्टीला दोन फाटे फुटतात, दोघांना वाटून मिळतो. एका वाटीतून दोन पोरं भरवावीत तसंच, फक्त पाटी रडत नाही. आजवर दोन्ही फाटे सारखेच बघितले होते. परवा सहा पाट्या आल्या, त्यात एक फाटा जाड, एक बारीक. मला वाटलं, साहेबांचा हात चुकला. (आठवडाभर झोप नाही, शर्टाची बटणंसुद्धा वरखाली लावतात.) म्हटलं, दमलेल्या माणसाला कशाला बोलायचं. घेतलं पातं आणि जाड फाटा खरवडून बारक्याएवढा केला. सहाच्या सहा. वर स्वतःलाच म्हटलं, किती गुणाची गं तू.

काल तपासणीवाल्या काकूंनी मीटर लावला. साहेब म्हणाले, "हे सारखं कसं आलं?" मला वाटलं, कौतुक चाललंय. मग ते काकूंना सांगायला लागले, दोन फाटे दोन अँटेनांना जातात, त्यातली एक दूर आहे, तिचं अर्धं वाटेतच खर्ची पडतं, म्हणून तिला मुद्दाम जास्त द्यायचं होतं, जाड फाटा तिचा. महिनाभर हेच गणित मांडत होते. सोल्डरचा धूर डोळ्यात गेल्याचं सोंग केलं आणि डोळे धुवायला बाहेर सटकले. नोकरी गेली तर ह्यांच्या एकट्याच्या जिवावर जुळी कशी वाढवू? आज सांगणार आहे. जेवणाच्या सुट्टीत घाईनं लिहितेय, अक्षर समजून घे.

तुझी धाकटी

ता. क. सांगितलं. साहेबांनी एक पाटी भिंगाखाली धरून बघितली. मग म्हणाले, "पातं उचलायच्या आधी विचारायचं." आणि नव्या सहा पाट्या माझ्याच पुढ्यात ठेवल्या. काकू म्हणाल्या, "एवढं सरळ खरवडलंस म्हणून वाचलीस, भवाने."

दुसरा ता. क. खरं तर हे लिहायलाच बसले होते. आमची दोन, भोपळा आणि काडी. मी दोघांना मोजून सारखंच देते, आईनं भेद कसा करायचा? नर्सबाई म्हणाल्या, काडीचं वजन गुंजभरही वाढलं नाही, तिला जास्त द्या. मी घाबरले, पण ऐकलं नाही. भोपळ्याच्या तोंडचं काढतेय असं वाटायचं. काल साहेबांचं ऐकून आले आणि पहिल्यांदा काडीला जास्त दिलं. भोपळ्यानं घर डोक्यावर घेतलं. ताई, पंधरा दिवस ये. दुसरं काही करू नकोस. काडीचं खाणं होईपर्यंत भोपळ्याला घेऊन भिंतीकडे तोंड करून बस. गुडघ्याला खुर्ची देते.