दंडावरचा बिब्बा

तीर्थरूप मायला कड्याच्या माळावरून सोमनाथचा दंडवत. फोनवर तुला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितो. मोहिनी पोरी, मायला मोठ्यानं वाचून दाखव.

मी बरा हाय. काळ्या मेंढीला जुळं झालंय, एकाचे कान लई लांब! ते राहू दे.

करोनाची लस घेतली त्या रात्री ताप आला, अंग ठणकलं, दंड सुजला. नर्सबाई आधीच म्हणाली होती, "दोन दिवस असं होतं. गोळी खा अन् गप पड." मी कुठं गप पडतो? मेंढराच्या सुजेला लावतो तसा दंडाला बिब्बा लावला. तो उतला, फोड आले. आपल्या गल्लीतला हनुमान बघायला आला, तवा लाजेनं म्हणालो, सुईनंच झालं.

त्यानं ते गावभर केलं, अन् तू ऐकून लसीच्या केंद्रावरून माघारी फिरलीस म्हणे. आप्पा करोनानंच गेले, माय. तुझीबी छाती कमजोर हाय.

गुडघा कसा हाय? सोमवारी मोहिनीसंगं जाऊन लस घे. ताप आला तर भिऊ नको. मलाबी आलता, दुसऱ्या दिवशी उतरला. फोड माझ्या हातचे हायेत.

तुझा लबाड लेक,
सोमनाथ