दादाचा ला

रवि. १२ जून १९७७
दादा आणि मी हॉटेलात दुपारच्या जेवणाला वाजवून आत्ता प्लेन मान्येन गावात घरी परतलो. आमचा सॅक्सोफोनवाला गास्तों, त्यानं नव्या गाण्यात मायनर नाइन्थ कॉर्ड घातलाय. ला, दो, मी, सोल, सी, इकडच्या फ्रेंच नावांनी. पाच सूर एकदम. माझा पंजा पुरत नाही, आणि डावा हात तर निकामीच. बाबांच्या पेटीवर शिकलो, त्याला भाता मारण्यापलीकडे काही ठाऊक नाही. पियानोवरही मधेच भाता मारायला उठतो, मेला!
गास्तों हसला. "लेस ला! सोडून दे की ला. तो तुझा भाऊ वाजवतोय खाली."
खरंच की. दादाच्या बेस गिटारवर ला, वर माझे चार. अंगावर काटा आला.

मंगळ. १४ जून
पेटीवर सराव. बाबा देवापुढून ओरडले, "शेजारशेजारच्या पट्ट्या कशाला दाबतोस? बोट घसरतंय तुझं." सी आणि दो. घसरत नाही, ते तसंच आहे, म्हटलं. पटेना त्यांना. दादा आतून, "बाबा, ती दोघं भांडतात म्हणून तर बरं लागतंय." मग खोकला. बराच वेळ.

रवि. ३ जुलै
दादा काल हॉस्पिटलात. विमानतळावर कामावर असताना, सामान चढवता चढवता खाली बसला, तो उठेचना. छातीत पाणी झालंय.
आज बेसशिवाय वाजवलं, गास्तों आणि मी. तोच कॉर्ड, त्याच पट्ट्या. पण खाली ला नसला की उरतं दो-मी-सोल-सी, आणि ते चक्क आनंदी वाजतं! सगळं दुःख दादाच्या एका तारेत होतं, मी वर नुसती साखर पेरत होतो. लोक आइस्क्रीम खात माना डोलवत होते. सगळ्यांचा राग आला.

गुरु. १४ जुलै
दादा घरी. न्हाणीपर्यंत गेला की धाप लागते. बेस भिंतीला टेकवून ठेवलाय, त्याला दिसेल असा. डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणतात. त्यांचं ते बघू मला आवडलं नाही.

रवि. १७ जुलै
घरात पाऊल टाकतोय तोच, "कसं वाटलं रे माझ्याशिवाय?"
"पोकळ," म्हटलं.
इतका खूश झाला की वहिनीकडून पेज मागून घेतली. परवापासून अन्नाला शिवला नव्हता.

रवि. ३१ जुलै
गास्तोंनं बाजूला घेतलं. "डाव्या हाताला करंगळी आहे ना? ला तूच दाब." कठीण नाही, मलाही कळतं. पण मी दाबला तर हॉटेलचा मॅनेजर म्हणणार, दोघांत भागतंय की. मग दादाला उठायचं काय कारण? डावा हात मांडीवर ठेवून वाजवलं. गास्तों चिडला, "आयो, तो तेती! हट्टी कुठला."
दादाला सांगितलं, पोकळ.

शुक्र. १२ ऑगस्ट
बाबा झाकरी नाचाच्या तालमीला देवळात. दादानं पेटी जवळ ओढायला लावली. वहिनीनं भाता मारला. माझे दोन्ही हात मोकळे, पण खालचा ला दादानं धरला, मी वरचे चार. तोच आवाज! तेच भांडण! मग त्याला धाप लागली, पट्टी सुटली, आणि मागे नुसता माझा तो हसरा कॉर्ड.
"आयला, असं वाजतं होय माझ्याविना," दादा म्हणाला. वहिनी भाता मारतच राहिली. मला रडू येत होतं.

रवि. १४ ऑगस्ट
आज दाबला.
ठरवून नाही. डावा हात नेहमीसारखा भाता मारायला उठला, आणि खाली येताना करंगळी 'ला'च्या पट्टीवर पडली. मग उचलवेना. बरोबर वाजला. फारच बरोबर. गास्तोंनं वाजवता वाजवता डोळा मारला. मॅनेजर दारात उभा राहून ऐकत होता.
घरी दादा उशाला टेकून वाट बघत बसलेला. "पोकळ?"
"पोकळच."
"मग ठीक," म्हणाला, आणि बेसच्या तारा पुसायला वहिनीकडे फडकं मागितलं.