पडदाभर चित्रात न मावलेली ताई

ते दहा मी देणार नाही म्हणजे नाही. चेंडू आतच होता, ताई. अकरा वर्षं झाली, गल्लीतली ती खडूची रेषा कधीच पुसली गेली, ज्या भिंतीपाशी आपलं मैदान संपायचं त्या घरावर आता दुसरा मजला चढला, मी शाळा सोडून, गाव सोडून इथे हॉटेलात परक्यांच्या चादरी धुवायला लागलो, तरी प्रत्येक फोनच्या शेवटी तुझं आपलं ठरलेलं, "माझ्या पैजेच्या दहा रुपयांचं काय झालं?" तू तेव्हा पंधराची, मी अकराचा. तू कोपऱ्यात आईचं फडकं घेऊन उभी होतीस आणि फडकं वर केलंस, म्हणजे चेंडू बाहेर. झालं. तेव्हापासून जगात जे जे मी मारतो ते ते बाहेरच पडतं, असं घरात सगळ्यांनी धरून चाललंय.

हं, आता रीतीने लिहितो. ताईला धाकट्याचा वाकून नमस्कार. (उगाच म्हणत नाही. इथे टेबल नाही, चादरींच्या गठ्ठ्यावर वही ठेवून लिहितोय, त्यामुळे वाकलेलाच आहे.) माझी तब्येत उत्तम. दिवसभर वाफेत राहून तोंडावरच्या पुटकुळ्या गेल्या, लॉन्ड्रीच्या नोकरीचा एवढा एक फायदा. आईचे गुडघे, बाबांचा खोकला आणि तुझा राग, तिन्ही होते तिथेच असतील असं समजतो. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचशील हे मला पक्कं माहीत आहे, कारण लाल पेनने माझ्या चुका काढल्याशिवाय तुला जेवण जाणार नाही. काढ. भरपूर ठेवल्यात.

आईने सगळं सांगितलं. अंतिम सामना झाल्यापासून तू झेंडा आणि शिट्टी ट्रंकेत टाकलीस आणि वर जुनी भांडी रचलीस. दूधवाला पिशवी हातात देताना "आऊट" म्हणतो. तू ज्या शाळेत खेळाची बाई आहेस तिथलीच पोरं तू पाठ फिरवलीस की रुमाल वर करतात. गावचं म्हणणं असं, की व्हॉलीबॉलचा एवढा मोठा सामना, शेवटचा सेट, समोरचे चौदा आणि आपल्या पोरी तेरा, आपल्या पोरीने जीव खाऊन मारलेला चेंडू रेषेवर पडला, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या आपल्याच गावच्या बाईने झेंडा वर करून गावाचा कप घालवला. आणि म्हणे तू पंचांच्या मंडळाला "यापुढे मला बोलावू नये" असं लिहून पाकीट टीव्हीवर ठेवलंयस, महिनाअखेरीला टाकणार आहेस. ते पाकीट समोर असलं की आईला टीव्ही लावायची हिंमत होत नाही, आणि टीव्ही नाही म्हणून बाबा दिवसभर आईशी बोलतात. म्हणजे बघ, एका झेंड्यापायी किती जण हाल काढतायत.

आता माझी बाजू ऐक. तो सामना आम्ही खोलीवर लाइव्ह पाहिला. खोलीत आम्ही तिघं, मी, लॉन्ड्रीच्या गाडीचा ड्रायव्हर आणि हॉटेलच्या कँटीनचा आचारी. टीव्ही आमच्या आधीच्या भाडेकरूंचा, मागे पोट असलेला, केबलवर चालणारा. केबलचं चित्र म्हणजे मशीनमधून काढलेला पंचा पिळायचा राहून गेला तर जसा दिसेल तसं. जाळं दिसतच नव्हतं, पोरी उगाचच मधूनमधून थबकतात असं वाटायचं. त्यात ड्रायव्हरची एक खोड. या जुन्या टीव्हीवर चित्र पुरतं लावलं की वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. ड्रायव्हरला त्या पट्ट्या सहन होत नाहीत. तो म्हणतो, आपण पैसे अख्ख्या पडद्याचे भरतो, मग काळं का बघायचं? म्हणून त्याने बॉक्सवर ते "पडदाभर" करून ठेवलेलं. त्यात चित्र फुगून वरखाली पट्ट्या भरतात, पण दोन्ही बाजूंच्या कडा कापल्या जातात. आणि ताई, तू उभी कुठे? कडेला. म्हणजे चार सेट मी माझ्या सख्ख्या बहिणीचं फक्त कोपर पाहिलं. (कोपर तुझंच होतं. त्या कोपराने मी लहानपणी इतका मार खाल्लाय की हजारात ओळखीन.) मधे झेंड्याचं टोक आत येई आणि जाई, पाल भिंतीवर यावी-जावी तसं.

शेवटच्या चेंडूला चित्राचे चौकोन चौकोन झाले, ड्रायव्हर उठून टीव्हीला थापट मारायला लागला, आचारी वाटाणे सोलायचा थांबला, आणि चौकोन जुळून आले तेव्हा टोक वर होतं. खोलीत कुणीतरी ओरडलं, "आंधळी आहे का ही बाई!" मी दुसऱ्या दिवशी गाडीत चादरी चढवताना ड्रायव्हरला सांगितलं की ती माझी बहीण. त्याने हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाला, "मग काल का नाही बोललास रे?" मी म्हटलं, आपलं चित्रच खराब आहे, नीट चित्रात बघू आणि मग बोलू. तिथून हे टीव्हीचं लचांड मागे लागलं.

आधी केबलवाल्याला बोलावलं. त्याने चित्राकडे डोकं तिरकं करून पाहिलं आणि म्हणाला, वरूनच असं येतंय. वरून म्हणजे कुठून, असं विचारलं तर त्याने आभाळाकडे बोट केलं. वास्तविक त्याची वायर गटाराच्या कडेने येते. झालेला सामना परत दाखव म्हटलं तर म्हणाला, गेलं ते गेलं, मी काय कोठार उघडलंय का? पैसे मात्र पुढच्या महिन्याचेही घेऊन गेला.

मग डिशवाला आला. गळ्यात ओळखपत्र, हातात रंगीत कागद, तोंडात दर तिसऱ्या शब्दाला "सर". जन्मात मला कुणी सर म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी अर्धा तिथेच संपलो. त्याच्याकडे तीन पॅक होते, साधा, खेळाचा आणि कुटुंबाचा. कुटुंबाचा स्वस्त. आम्ही तिघं कुठून आलो कुटुंब, म्हटलं. तो म्हणाला, "रिमोटवरून भांडता ना? मग झालात." खेळाच्या पॅकमध्ये तेच चॅनल एचडीत, आणि गुरुवारी दुपारी तुझा सामना पुन्हा दाखवणार होते. घेतला. गच्चीवर तो छत्री फिरवतोय, खिडकीत आचारी, टीव्हीसमोर मी, आणि आमची आरोळ्यांची रांग लागलेली, उजवीकडे, थोडं उजवीकडे, आता होतं ते बरं होतं. गुरुवारी तिघांनी अर्धी सुट्टी टाकली. चित्र लागलं तर केबलचं होतं तेच, फक्त आता महिन्याला दुप्पट. डिशवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, चित्र एचडीच येतंय. तुमचा टीव्ही ते दाखवत नाही, एवढंच." म्हणजे मला इंग्रजी येतं, फक्त तोंडातून निघत नाही, तसलं. आणि शेवटच्या पॉइंटाला गच्चीवर कुणीतरी छत्रीवर ओली गोधडी वाळत टाकली. पडद्यावर लिहून आलं, सिग्नल नाही.

राहिलं नेट. आचाऱ्याचं म्हणणं, आता डिशही जुनी झाली, सगळं नेटवर साठवलेलं असतं, हवं तेव्हा मागवायचं. माझ्या फोनवर मागवलं. तिथे चित्राचेही नंबर असतात, बसचे असावेत तसे, एकशे चव्वेचाळीस, तीनशे साठ, सातशे वीस, एक हजार ऐंशी. जितका नंबर मोठा तितकं चित्र स्वच्छ आणि तितकी गाडी उशिरा. आमच्या खोलीत एकशे चव्वेचाळीसच येते. त्या चित्रात आपल्या गावच्या पोरी आणि समोरच्या पोरी यांच्यात फरक एवढाच, की एक डाग लाल आणि एक डाग निळा. चेंडू मारला आणि मधे चकरी फिरायला लागली. वीस मिनिटं तो चेंडू हवेत लटकलेला होता. आचारी म्हणाला, फुगतोय. शेवटी एकदाचा पडला, तर माझ्या फोनच्या काचेला तडा आहे, तो नेमका मैदानाच्या रेषेशेजारून जातो. त्यामुळे रेषा दोन. चेंडू एकीच्या आत, दुसरीच्या बाहेर. ड्रायव्हर म्हणाला, एवढी कठीण परिस्थिती असेल तर तुझी बहीण तरी काय करणार.

आणि मग मावशी मदतीला आली. मावशी म्हणजे हॉटेलात वरच्या मजल्याच्या खोल्या आवरणारी बाई. तिने आयुष्यात टीव्ही विकत घेतलेला नाही, पण टीव्हीतलं तिच्याएवढं कुणाला कळत नाही, कारण गेलेल्या पाहुण्यांचे चालू राहिलेले टीव्ही वीस वर्षं तीच बंद करत आलीय. ती म्हणाली, अरे येड्या, खालच्या खोल्यांत केबल, मधल्यांत डिश आणि सगळ्यात वरच्या मोठ्या खोलीत भिंतीएवढा टीव्ही, नेटवरचा. भाड्याप्रमाणे चित्र. मंगळवारी अकराला खोली रिकामी होते, दोनला दुसरे येतात. चादरींची ढकलगाडी घेऊन ये, पाय पुसून ये.

आम्ही तिघंही गेलो. (चादरी दोन, माणसं तीन. लिफ्टमधे एका पाहुण्याने विचारलं, एवढी माणसं कशाला? ड्रायव्हर म्हणाला, मोठा पलंग आहे.) मावशीने एक हजार ऐंशी लावलं. ताई, काय सांगू. मी तुला आयुष्यात एवढी मोठी आणि एवढी स्वच्छ पाहिलेली नाही. अख्खी. कडेसकट. हनुवटीवरचा तीळ, कपाळावरचा घाम, डोळे वटारलेले, लहानपणी माझ्यावर वटारायचीस तसेच, पण या वेळी रेषेवर. सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं, तू एकटी रेषेकडे. मावशीने नेमका चेंडू टेकला तिथे थांबवलं. रेषा आणि चेंडू यांच्यामधे जमीन दिसत होती. दोन बोटं. ड्रायव्हरने पलंगावर चढून बोटं लावून मोजली, त्यांचे ठसे अजून त्या टीव्हीवर असतील. आचारी म्हणाला, आऊट. मावशी म्हणाली, यात बघायचं काय, आऊट. ड्रायव्हर पलंगावरून उतरला, चपला काढल्या आणि तुला हात जोडले. "ताई, माफ करा," असं त्या भिंतीएवढ्या टीव्हीला म्हणाला. मी चादरीची घडी घालत राहिलो. काही नाही, उगाच.

तेवढ्यात मॅनेजर दारात. काय चाललंय इथे? ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आधी सांगा, आत की बाहेर?" मॅनेजर पुढे झाला, चष्मा वर केला, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "बाहेर." मग चष्मा खाली केला आणि आमच्या तिघांची दिवसाची हजेरी कापली. पण साक्षीदार म्हणून माणूस पक्का. आमचं ऐकून त्याला काही फायदा नव्हता.

आता आमच्या खोलीत काय ठरलं ते ऐक. डिश परत केली, नेट सोडलं, नवा टीव्हीही नाही. पुन्हा तीच गटाराच्या कडेची केबल. फक्त "पडदाभर" बंद. ड्रायव्हरने स्वतः काळ्या पट्ट्या परत आणल्या आणि रिमोट उशीखाली घेऊन झोपतो. आचाऱ्याने परवा मोठं करू का विचारलं, तर त्याच्यावर खेकसला, "कोपऱ्यात माणूस उभं असतं रे!"

तर ते पाकीट टीव्हीवरून उचल. आईला टीव्ही लावू दे. दूधवाल्याला सांग, पाच जणांनी भिंतीएवढं पाहिलंय, त्यातला एक मॅनेजर आहे. आई-बाबांना नमस्कार.

तुझा, चुका करून ठेवलेला,
धाकटा

ता. क. पुढच्या मोसमात तू कोणत्या कोपऱ्यात उभी राहणार ते आधी कळव. ड्रायव्हरला त्या बाजूला बसायचंय आणि ती जागा आचाऱ्याची आहे. हे आधी मिटवावं लागेल.

ता. क. २. वर मी "कुणीतरी ओरडलं" असं लिहिलंय. खोलीत माणसं तीन. ड्रायव्हर टीव्हीला थापट मारत होता, आचाऱ्याच्या तोंडात वाटाणे होते. राहिलं कोण ते तू काढ, तू बाई आहेस. तुझा झेंडा वर गेला की माझ्या तोंडून तेच निघतं, सवय आहे. आणि गल्लीतल्या त्या चेंडूच्या वेळी मी रेषेकडे बघतच नव्हतो. समोरच्यांची काच फुटली का ते बघत होतो. हे आईला वाचून दाखवू नकोस.

ता. क. ३. डाव्या बुटातून तुझा अंगठा बाहेर आलाय, तोही आम्ही पाचही जणांनी पाहिला. एवढं स्वच्छ चित्र काही कामाचं नाही. नवे बूट घे. नव्या टीव्हीसाठी दोन हजार बाजूला टाकले होते, त्यातले तीनशे हजेरीत गेले. बाकीचे पाठवतोय. एक हजार सातशे दहा.