तक्रारमुक्त ग्रामपंचायत

३ मार्च, सकाळी साडेदहा
आजपासून आमची ग्रामपंचायत पेपरलेस. तक्रारींचं रजिस्टर कपाटात टाकलं. सगळ्या पाड्यांवर क्यूआर कोडचे फलक लागले. ग्रामसेवक म्हणून बारा वर्षं खर्डेघाशी केली, आता पुरे.

७ मार्च
तक्रारी शून्य! गडबच्या नाक्यावर चहा पिताना शेजारच्या गावच्या ग्रामसेवकाला डॅशबोर्ड दाखवला. जळला. जळू दे.

११ मार्च
डोंगराकडच्या आदिवासीवाडीतली पुतळी ऑफिसात आली. भाऊसाहेब, बोअरची मोटर बंद हाय, पानी नाय, म्हणाली. शांतपणे समजावलं, तोंडी तक्रार बंद, कोड स्कॅन कर. तर म्हणे मोबाईल नाय. शेजारणीचा घे म्हटलं, तर म्हणे तिचा हाय, पन वाडीत रेंजच नाय. लोकांना सबबी फार.

१२ मार्च
शेवटी मीच माझ्या मोबाईलवरून तिची तक्रार नोंदवली. लोकाभिमुख प्रशासन म्हणतात ते हेच. लगेच मेसेज आला, तक्रार संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवली आहे. झालं काम.
डॅशबोर्डवर आता एक दिसते. पण ती माझीच, म्हणजे धरायची नाही.

२० मार्च
पुतळी पुन्हा हजर. प्रोसेस चालू आहे म्हटलं. हा संबंधित अधिकारी कोण ऐदी आहे कोण जाणे. अशांमुळेच सरकार बदनाम होतं.

२ एप्रिल
जिल्ह्याच्या स्पर्धेचा फॉर्म भरला. विषय: तक्रारमुक्त ग्रामपंचायत. जॅकेट रोह्याला ड्रायक्लीनला टाकलं. भाषण पाठ होत आलंय.

११ एप्रिल, दुपार
पेणच्या पंचायत समितीकडून नोटीस. चक्क कागदावर. तक्रार महिनाभर प्रलंबित, संबंधित अधिकाऱ्याने खुलासा करावा. संबंधित अधिकारी: ग्रामसेवक.
म्हणजे मी.
अधिकाऱ्याचं लॉगिन मी एकदाही उघडलं नव्हतं. सिस्टीमने आधी सांगायला हवं होतं.

१२ एप्रिल
खुलाशाला फोटो हवा म्हणून वाडीत गेलो. ऊन मरणाचं. पुतळीने तांब्याभर पाणी दिलं. घटाघट प्यायलो, आणखी मागितलं. मग कळलं, पाऊण तास चालत जाऊन डोहावरून आणलेलं. महिनाभर रोज दोन खेपा. फार लाज वाटली.
मेकॅनिक मिथुनला फोन लावला, रेंज नाही. बाईकवर जाऊन गडबहून त्याला घेऊन आलो. स्टार्टरची एक वायर उंदराने कुरतडली होती. दहा मिनिटांत पाणी आलं. बायका हंडे घेऊन धावल्या.
पुतळी तिथेच उभी. तिने विचारलं, येवढंच व्हतं काय, भाऊसाहेब?
व्हय, म्हटलं.