पाच पायांचा बैल

एकलहरे,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

ती. स्व. मालनआत्या हिस,
स्नेहलचा सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून सांगितलं तर आधी शेजाऱ्यांना कळेल आणि शेवटी तुला, म्हणून हे पत्र. शाळेतून आल्यावर दोनदा भात करपवला. लिहायला बसले, उठले, परत बसले.

१७ तारखेला तालुक्याचं कलाप्रदर्शन आहे. पहिलीला भेंडीचे ठसे, दुसरीला वाळल्या पानांचं चिकटकाम, तिसरीला मातकाम, चौथीला कागदी तोरण, ही वाटणी माझीच. मुलांनी मनापासून केलं, पण आत्या, नुसता राडा! पहिलीतल्या राखीनं तर भेंडी काळ्या रंगात बुडवून अख्खा कागद भरला. तिचे वडील वीज केंद्रात कामाला आहेत. हा चिमणीचा धूर आहे म्हणाली. तेवढ्यात मुख्याध्यापक भिकन सर डोकावले आणि हे असलं तालुक्याला न्यायचं का, म्हणाले. मुलं घरी गेल्यावर मी पहिलीचे सगळे ठसे नव्यानं मारले. गुलाबी फुलं, हिरवी पानं. खाली मुलांची नावं घालून भिंतीवर लावले. सर खूश, फोटोसुद्धा काढले.

दुसऱ्या दिवशी राखी भिंतीपुढं उभी राहिली. स्वतःचं नाव तिला वाचता येतं. नाव वाचलं, फुलं बघितली आणि मला विचारलं, वर्गात दुसरी राखी आली का.

तेव्हापासून ती रंगाला हात लावत नाही. कागद दिला की तुम्हीच काढा म्हणते. चित्रं उतरवली तर सरांना काय सांगू? नाही उतरवली तर त्या पोरीला काय सांगू? तू तीस वर्षं प्राथमिकला शिकवलंस. खडसाव, पण उत्तर पाठव.

आईचा गुडघा बरा आहे. हे वाचून माया थोडी आटली, तरी उरलेली राहू दे.

तुझी भाची,
स्नेहल


मालेगाव,
गुरुवार, ९ जानेवारी

चि. स्नेहल हिस,
मालनआत्याचे अ. आ.

पत्र आज दुपारी मिळालं. भात करपवणं आपल्या घरात तुझ्या बापापासून चालत आलंय, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटानं माझे कान गेले, पण राखीचा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला.

खडसावायलाच बसले होते. जमत नाही. तू तिसरीत माझ्याच वर्गात होतीस. पोळ्याला तू मातीचा बैल केलास. एक शिंग आडवं, पाय पाच. स्पर्धा होती. बाईंच्या भाचीनं हे केलं म्हणून लोक हसतील, या लाजेनं मी घरी दुसरा बैल केला आणि त्याला तुझं नाव लावलं. त्यालाच पहिलं बक्षीस मिळालं. ते प्रमाणपत्र तुझ्या आईनं अजून बैठकीच्या खोलीत लावलंय. तुमच्याकडं आले की मी तिथं बसत नाही. तुम्हाला वाटतं, मला पंखा सोसत नाही.

तुझा बैल टाकवला नाही. ट्रंकेत जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलाय. शेजारची योगिनी रविवारी नाशिकला येतेय, तिच्याबरोबर पाठवते. भिंतीचं तू ठरव. मला तेव्हा धीर झाला नाही, एवढंच सांगते.

आशीर्वाद आहेतच, तुला ते अजून हवे असले तर.

मालनआत्या


एकलहरे,
शनिवार, १८ जानेवारी

ती. स्व. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

बैल पोचला. ते आडवं शिंग वाटेत तुटलं, डिंकानं चिकटवलं. आडवंच.

मला तेव्हाच कळलं होतं गं. बक्षीस घेताना टाळ्या वाजत होत्या आणि मी पाय मोजत होते. चारच भरले. मुलांनी करायचं आणि बाईंनी बदलायचं, अशीच रीत असेल असं वाटलं, म्हणून कुणाला बोलले नाही. तुझा राग आला, अजूनही थोडा आहे. बैल बघून रडलेही.

सोमवारी मुलांसमोरच चित्रं उतरवली. ती फुलं माझी होती, हे सांगितलं. त्यांचे कागद कपाटात होते, ते लावले. भिकन सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल तालुक्याला तेच नेले. बक्षीस नाही.

राखी मात्र आपल्या धुराकडंही बघेना. सगळा आठवडा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आज तिसरीच्या मातकामात बैल ठेवला होता, तर ती येऊन त्याचे पाय मोजायला लागली. एक पाय जास्ती हाय म्हणाली. मी म्हटलं, हा माझा, लहानपणीचा. मग कुणी बदलला नाय का, असं तिनं विचारलं. बदलला होता, पण हा माझ्या बाईंनी जपून ठेवला, असं मी सांगितलं. तिनं तो जास्तीचा पाय बोटानं चाचपला. मग काळा रंग मागितला. कागद भरून झाल्यावर नाव घालायला मी पेन्सिल उचलली, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

आईला सगळं सांगितलं आणि प्रमाणपत्र खाली उतरवलं. त्या खिळ्याशेजारच्या फळीवर बैल ठेवणार आहे. आता आलीस की पंख्याखालीच बसायचं.

तुझीच,
स्नेहल